गोळा टेबलावर होता

एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते माझ्या मराठीमुळं. मी गारगोटीच्या हायस्कूलमध्ये जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळं लग्नपत्रिकेपासून श्रद्धांजलीच्या फलकापर्यंत काहीही लिहायचं असलं की लोकांना माझी आठवण होते. रेल्वेतल्या जुन्या माणसांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. रोज सकाळी त्यात फुलांची चित्रं आणि गुडघेदुखीवरचे उपाय येतात. एक दिवस कुणीतरी कळवलं की विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यातलं आपलं जुनं स्टेशन आता खाणीच्या पोटात जाणार आहे. इमारत पाडायच्या आत त्याचा इतिहास लिहून काढावा, छोटीशी पुस्तिका करावी. सगळ्यांनी अंगठे वर केले, लिहायला मात्र कुणी पुढं येईना. मग एकानं विचारलं, "छोट्या मास्तरांची मुलगी कोल्हापूरला मराठीची बाई होती ना?" संपलं. बकरा सापडला.

मीही हुरळले, खोटं कशाला बोलू. माझे आप्पा त्या स्टेशनावर छोटे मास्तर होते, म्हणजे असिस्टंट स्टेशन मास्तर, आणि आठ वर्षांची होईपर्यंत मी तिथंच वाढले. मला वाटलं, आठवड्याभरात उरकेल. चार लोकांना फोन करू, आप्पांना विचारू, थोडं आपलं घालू. त्याला आता सहा महिने होत आले. टेबलावर कागदांचा ढीग पडलाय आणि त्यातला एक कागद दुसऱ्याशी जुळेल तर शपथ.

पहिला प्रश्न, स्टेशन बांधलं कुणी? एक म्हणाले, गोऱ्यांच्या कंपनीनं, कोळसा न्यायला. दुसरे म्हणाले, छे, लाईन आली कापसासाठी, कोळसा नंतर सापडला. तिसऱ्यांनी तर माझं डोकंच फिरवलं. स्टेशनाला ज्या गावाचं नाव होतं ते गाव तिथून चार मैलांवर, आणि ज्या गावाच्या शिवारात स्टेशन उभं होतं त्या गावाचं नाव पुढच्याच स्टेशनाला दिलेलं. त्यामुळं नवा पाहुणा हमखास चुकीच्या ठिकाणी उतरायचा आणि रुळावरून चालत यायचा. हे ऐकून मला आठवलं की आमच्याकडं येणारे सगळे पाहुणे घामाघूम होऊनच यायचे. इतकी वर्षं मी समजत होते की विदर्भातल्या उन्हामुळं.

प्लॅटफॉर्म एक की दोन, यावर ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं. अखेर तडजोड झाली ती अशी की प्लॅटफॉर्म एकच, दुसऱ्या बाजूला कोळशाची भुकटी पडून पडून आपोआप उंचवटा तयार झालेला. इमारतीचा रंग मला लाल आठवतो. एकाला पिवळा आठवतो. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "काळा. सगळंच काळं हुतं की तिथं. भात खाल्ला तरी दाताखाली करकर वाजायचं."

आप्पा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात. कान थोडे गेलेत, त्यामुळं आधीच चढा असलेला आवाज आणखी चढलाय. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाल्यापासून त्यांच्याजवळच राहते. दिवसभरात आम्ही दोघं एकमेकांवर इतके ओरडतो की शेजारच्यांना वाटतं, यांचं पटत नाही. पटतं. आमच्यात हळू बोलायची रीतच नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र सगळ्या जुन्या माणसांचं एकमत होतं, ती म्हणजे गोळा. ज्यांच्या घरात रेल्वे नव्हती त्यांच्यासाठी सांगते. आमची लाईन एकेरी. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी पाहिजे, नाहीतर समोरासमोर टक्कर. म्हणून दोन्ही स्टेशनांत तारेनं एकमेकांना जोडलेलं एकेक मशीन असायचं आणि त्यात लोखंडी गोळे, मुठीएवढे. पलीकडच्या मास्तरनं तिकडून परवानगी दिली की अलीकडच्या मशीनमधून एक गोळा बाहेर पडायचा. एकच. तो चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला लावलेली असायची, आणि ते कडं ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. गोळा हातात आला म्हणजे पुढची वाट मोकळी. पुढच्या स्टेशनात ड्रायव्हर कडं खाली टाकायचा. तो गोळा तिथल्या मशीनमध्ये गेला की मगच दुसरा गोळा निघायचा. गेलाच नाही, तर दोन्हीकडची मशीनं मुकी.

कडं उचलायचं काम पॉइंट्समनचं. सगळे त्याला पैटमन म्हणत. तो पिशवीतून गोळा काढायचा, मास्तरच्या खोलीत जायचा, गोळा टेबलावर ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "गोळा आला." मास्तरनं मान वर करून म्हणायचं, "आला." मग मास्तर तो मशीनमध्ये टाकायचा. हा "आला" कुठं छापलेला होता की नाही, कोण जाणे. पण आमच्या स्टेशनात त्याशिवाय कुणी टेबलापासून हलत नसे. मी बाहुल्यांशी खेळतानासुद्धा तोच खेळ खेळायचे. एक बाहुली "गोळा आला" म्हणायची आणि दुसरी "आला."

आम्ही कोल्हापूरला आलो तेव्हा हा शब्द माझ्या चांगलाच अंगलट आला. नव्या शाळेत मी सांगितलं, "आमच्याकडं गोळा दिल्याशिवाय गाडी जात नाही." पोरी खो खो हसल्या. त्यांच्या लेखी गोळा म्हणजे बर्फाचा, लाल सरबत मारलेला. ड्रायव्हर गोळा चोखत चोखत गाडी चालवतो, असं वर्गात पसरलं आणि वर्षभर मला गोळेवाली म्हणत होते. मला राग यायचा आणि काहीच समजायचं नाही. भाषा मराठीच, पण घरात फक्त आप्पांच्या तोंडी असलेलं 'हाय' आणि 'न्हाय' इथं सगळ्यांच्याच तोंडी. आणि स्टेशन तर त्याहून विचित्र. आमच्या तिथं गाड्या एकीकडून यायच्या आणि दुसरीकडं निघून जायच्या. इथं गाडी यायची ती थांबायलाच. रूळच संपलेले. मी आप्पांना विचारलं होतं, "पुढं कुठं जाते?" ते म्हणाले, "पुढं कुठं न्हाय. हितं संपलं."

कोल्हापूरला का आलात, असं कुणी विचारलं की घरात एकच उत्तर ठरलेलं होतं. "तिथलं ठेसन बंद पडलं, म्हणून आलो." आप्पा हेच सांगायचे, आई हेच सांगायची, मीही हेच सांगत आले. नवऱ्याला सांगितलं, वर्गातल्या मुलांना सांगितलं. हे वाक्य इतक्या वेळा बोललेलं की त्याकडं नीट बघायचं कधी सुचलंच नाही.

इतिहासासाठी मला आप्पांच्या नोकरीतल्या तारखा हव्या होत्या, म्हणून मी त्यांची पत्र्याची पेटी काढली. त्यात बदलीचा हुकूम सापडला. जीर्ण झालेला, घडीवर फाटलेला. त्यात लिहिलं होतं, सदर कर्मचाऱ्याची बदली त्याच्या स्वतःच्या विनंतीवरून करण्यात येत आहे, सेवाज्येष्ठता सोडण्यास त्याची संमती आहे. मी तारीख पाहिली. मग माझ्या टिपणांतली स्टेशन बंद पडल्याची तारीख पाहिली. त्या तारखेबद्दल तिघांनी कधी नव्हे ते सारखं सांगितलं होतं. स्टेशन आमच्या येण्यानंतर सहा वर्षांनी बंद पडलं होतं.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. विनंतीवरून. जन्मभर शब्दयोगी अव्ययं शिकवणारी बाई मी, पण या 'वरून'पुढं मला काही सुचेना. मास्तर असलेला माणूस ज्येष्ठता सोडून, सगळ्यात खाली जाऊन, इथल्या पार्सल ऑफिसात का बसेल? नेसरीजवळच्या आमच्या गावात, आमच्या वस्तीतून शिकून मास्तर झालेले आप्पा पहिले. आजोबांनी धम्म घेतला आणि पोराला शाळेत घातलं, त्या शाळेचं हे फळ. आप्पांचा टोपीतला फोटो गावातल्या विहारात लावला होता. असा माणूस आपण होऊन खाली का उतरेल?

आप्पांना विचारलं. "आप्पा, आपण आलो तेव्हा स्टेशन चालू होतं."

"बंद पडलं हुतं."

"हुकूम आहे माझ्याकडं."

"मग बंद पडायला आलतं," ते म्हणाले आणि रेडिओ लावला.

त्याच आठवड्यात मला एक आवाजी निरोप आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. आमच्या स्टेशनावरचा जुना पैटमन. तो अजून तिथंच, खाणीच्या वसाहतीत राहतो. मला त्याचा चेहरा आठवत नाही, पण त्याचे हात आठवतात. धावत्या इंजिनातून टाकलेलं कडं तो दंडावर झेलायचा आणि त्याच्या दंडाला कायम निळा वळ असायचा. आम्ही त्याला काका म्हणायचो.

"बाई," तो म्हणत होता, "तुमी इतिहास लिवून राह्यले, ऐकलं मी. तुमचं मन असंन तसं लिवा. पण एक ओळ माही लिवा. गोळा मी टेबलावर ठेवला होता. मीनं म्हटलं, गोळा आला. मास्तरसाहेब फोनवर होते, त्याईनं हात वर केला. मले वाटलं झालं. मग चौकशीत मलेच खोटा ठरवलं जी. पैटमनचा गँगमन केला. रिटायर होईतोवर हातोडा घेऊन रुळावर फिरलो. त्याचं काही नाही. पण लोकं अजूनबी म्हणतात, हा तोच, गोळा हरवणारा. मास्तरसाहेबाले मी काही म्हणत नाही, त्याईचं ध्यान नसंन. पण आता ते ठेसनबी जाऊन राह्यलं. तेवढी एक ओळ लिवा."

मी तो निरोप तीनदा ऐकला. हरवलेल्या गोळ्याची ही हकीकत मला कुणीच सांगितली नव्हती, आप्पांनी तर अजिबात नाही. ग्रुपवर मी सहज म्हणून विचारलं, की गोळा हरवल्याचं कुणाला आठवतं का. दोघांना आठवत होतं. मशीन अडलं, कोळशाच्या भरलेल्या गाड्या संध्याकाळपर्यंत उभ्या राहिल्या, साहेब ट्रॉलीवरून आला. गोळा कधीच सापडला नाही. पैटमन म्हणत होता दिला, मास्तर म्हणत होते मिळालाच नाही. साहेबानं मास्तरचं मानलं. कुठले मास्तर, हे दोघांनीही लिहिलं नव्हतं. माझ्यासाठीच गाळलं असणार. तेवढ्यात तिसऱ्यानं, विषय निघालाच आहे तर, म्हणून एका जुन्या गोळ्याचा फोटो टाकला. लोखंडी, भोवती खाच, आणि त्यावर कोरलेली अक्षरं.

आणि माझ्या पोटात गोळा आला. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. खरंच आला.

कारण ती अक्षरं माझ्या बोटांना माहीत होती. डोळ्यांना नव्हती, सात वर्षांच्या पोरीला इंग्रजी कुठून येणार. पण खाचेतून बोट फिरवत नेलं की पुढं खरखरीत लागतं, हे मला माहीत होतं. लहानपणापासून माझ्या डोक्यात एक आठवण आहे: हातात जड, थंडगार काहीतरी आहे आणि मी ते परकराच्या ओच्यात धरून पळतेय. शाळेच्या क्रीडामहोत्सवात गोळाफेकीचा गोळा मुलींच्या हाती देताना ती हमखास यायची. मी समजत होते, लहानपणी कधीतरी मीही गोळाफेक केली असणार. तीन गोळे माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळले होते, बर्फाचा, शाळेतला आणि हा.

मग बाकीचंही येऊ लागलं, पण कसं, तर सगळं उलटसुलट. टेबलावरचं हिरवं कापड. आप्पांची पाठ. फोनचं हँडल फिरवताना होणारा आवाज. मी दुपारचा डबा द्यायला गेले होते, की पाणी? टेबलाच्या कडेला गोळा, आणि बाहुल्यांसाठी मला खरा गोळा हवा होता. त्याला तेलाचा वास होता. आमच्या क्वार्टरात शेगडीजवळ कोळशाचं घमेलं असायचं, त्यात मी तो पुरला. का पुरला? आई बघेल म्हणून असेल. पुढचं काहीच नाही. फक्त उभ्या गाड्यांच्या शिट्ट्या आठवतात, संध्याकाळपर्यंत, आणि आईनं दार लावून घेतलेलं.

आता हे खरं मानायचं का? मी वर्षानुवर्षं मुलांकडून फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहून घेतलंय. मनातून काय वाट्टेल ते उभं करता येतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? निरोप ऐकला, फोटो पाहिला, आणि म्हाताऱ्या डोक्यानं गोष्ट जुळवली, असंही असेल. सकाळी मला वाटायचं, मीच घेतला. दुपारी वाटायचं, छे, काहीतरीच. संध्याकाळी विहारात वंदनेला बसले तरी तेच. मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे म्हणताना माझी जीभ अडखळायला लागली. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, ॲसिडिटी. म्हणजे तिथंही खोटंच.

घाबरले होते मी, हे सरळ सांगते. खरं असेल तर एका माणसाचा जन्म माझ्यामुळं वाया गेला होता. आप्पांचाही. त्यांना वाटत असणार की पैटमन खोटं बोलला, आणि तसं वाटूनच ते इतकी वर्षं जगले. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना सांगायचं, की तुम्ही ज्याला खोटा ठरवलंत तो खरा होता आणि चोर तुमच्या घरातच होता? आणि नाही सांगायचं, तर त्या म्हाताऱ्याला त्याची एक ओळ कशी द्यायची? गोळा टेबलावर होता असं लिहिलं, की आप्पा खोटे पडणार. पुस्तिका ग्रुपवरचे सगळे वाचणार. विहारातल्या फोटोतला माणूस खोटा पडणार.

काकांना मी दहा दिवस उत्तर दिलं नाही. त्यांनी आणखी एक निरोप पाठवला, छोटा. "बाई, ओळ लिवली का?" तो ऐकून मी फोन उशीखाली ठेवला, लहान पोरीसारखा.

शेवटी मी एक वाक्य लिहिलं. "एकदा गाडीचा गोळा हरवला आणि लाईन दिवसभर बंद राहिली, तो कसा हरवला हे अखेरपर्यंत कळले नाही." वाचायला छान. कुणी खोटं नाही, कुणी खरं नाही, सगळे सुखरूप. विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी समासात लिहिलं असतं, 'कर्ता कोठे आहे?'

आप्पांना अख्खा इतिहास वाचून दाखवायचा असं ठरलं होतं. दुपारचा चहा झाला. ते खिडकीपाशी, मी समोर स्टुलावर. स्टेशनाचं नाव, कापूस, कोळसा, प्लॅटफॉर्म, सगळं त्यांनी मान डोलवत ऐकलं. भुकटीच्या उंचवट्याला हसले. मी ते वाक्य जरा भरभर वाचलं आणि पुढं गेले.

"थांब," आप्पा म्हणाले. "मागचं वाच."

मी वाचलं.

"मोठ्यानं वाच की."

मी मोठ्यानं वाचलं. रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू गेलं असेल.

"हे तुला कुणी सांगितलं?"

मी फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि काकांचा निरोप लावला. आप्पा पुढं वाकले, फोन कानाला लावून ऐकला. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." परत लावला. 'मास्तरसाहेबाले मी काही म्हणत नाही' या वाक्याला त्यांनी डोळे मिटले. मग फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मला ते सहन झालं नाही. मी एकदम बोलले. "आप्पा, काका खरं सांगतायत. गोळा टेबलावर होता. मी घेतला होता. खेळायला. कोळशाच्या घमेल्यात लपवला होता मी. मला आत्ता आत्ता आठवलंय, नाहीतर आधीच सांगितलं असतं. तुम्हाला कसं कळणार होतं? तुमची काही चूक नाही." आणि मी रडायला लागले, साठीची बाई.

आप्पांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "घमेल्यात न्हाय. घमेल्याच्या मागं, गोणपाटाखाली."

मला कळायला वेळ लागला.

"संध्याकाळी शेगडीला कोळसा घ्यायला गेलतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा मला खाली आलेला जाणवला. "गोणपाट उचललं तर खाली गोळा. तू पलीकडं झोपल्याली, भावलीला कुशीत घिऊन. मी तितंच बसलो खाली."

"मग द्यायचा ना परत! सापडला म्हणायचं."

"दुपारीच लिहून दिलतं साहेबाला. गोळा माझ्या हाती आला न्हाय. त्यो 'गोळा आला' म्हणला, मी 'आला' म्हणलो न्हाय, त्ये खरंच हुतं. त्या येवढ्या खऱ्यावर सगळं खोटं उभं केलं. आता घरात गोळा सापडला म्हणून कसं सांगू? मास्तरच्या घरात. आपल्यातला पयला मास्तर मी त्या लाईनवर. लोक टपूनच बसल्याले, कवा चुकतोय म्हणून. भ्यालो. सरळ सांगतो, भ्यालो."

"आईला माहीत होतं?"

"व्हय. ती म्हणली, देऊन टाका. मी ऐकलं न्हाय. जुनी खाण हुती बंद पडल्याली, पाण्यानं भरल्याली. तिच्यात टाकला." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "मग त्यो गँगात गेला. रोज सकाळी खिडकीतनं दिसायचा, हातोडा खांद्यावर. मला बघितलं की सलाम करायचा. राग न्हाय, काय न्हाय. सलाम. वरीसभर बघितलं. मग म्या अर्ज केला, कुटंबी टाका, पर हितनं काढा."

म्हणजे ती विनंती. इतके दिवस मी त्या शब्दाभोवती फिरत होते आणि तो शब्द खिडकीशी बसलेल्या या माणसाच्या पोटात होता. मला त्यांचा राग आला. खरंच आला, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बापाचा. आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच मला जमलं नाही. मी नुसती कागद हातात धरून बसले.

"पेन घे," आप्पा म्हणाले. "त्ये 'हरवला' खोड."

मी खोडलं.

"लिही. पैटमननं गोळा टेबलावर ठेवला हुता. छोट्या मास्तरनं खोटं लिहून दिलं, आन गोळा सापडल्यावर लपवला. माझं नाव लिही, पुरं. आन त्याला फोन लाव. आदी त्याला वाचून दाखीव, मग बाकीच्यास्नी."

मी लिहीत गेले. दोन वाक्यं लिहून झाली आणि मी थांबले. अर्धंच खरं लिहिलं गेलं होतं.

"आप्पा, पण टेबलावरून उचलला मी होता. ते यात कुठंच नाही. तेही लिहायला पाहिजे ना?"

"न्हाय."

"का न्हाय? ते खरं आहे."

ते माझ्याकडं वळले. ओरडतील असं वाटलं, पण ओरडले नाहीत.

"तू सात वर्षांची हुतीस," ते म्हणाले. "मी एकतीस वर्षांचा हुतो."